वीस वॉट, वीस मीटर तार आणि ‘तीन हजार किलोमीटर रेंज’

या रेडिओ संचाच्या खोक्यावर कुठेही अंतर छापलेले नाही, याबद्दल कंपनीला पूर्ण गुण द्यायला हवेत. ‘तीन हजार किलोमीटर रेंज’ हे शब्द विक्रेत्याचे. फोनवर त्याने ते दोनदा ऐकवले आणि बिलासोबत आलेल्या चिठ्ठीवरही पेनाने लिहून पाठवले. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, बोलणाऱ्या कोणत्याही संचाबद्दल असे विधान करणे म्हणजे सायकल विकताना ‘ही गाडी साताऱ्यापर्यंत जाते’ असे सांगण्यासारखे आहे. जाईलही, पण ते सायकलीपेक्षा चालवणाऱ्यावर आणि वाटेतल्या वाऱ्यावर अधिक अवलंबून आहे.

वीस वॉट शक्तीचा हा लहान लघुलहरी संच मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास ४८,००० रुपयांना घेतला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोल्हापुरात मंगळवार पेठेतील घराच्या गच्चीवरून (तो विक्रेत्याकडे परत गेला होता ते सहा आठवडे सोडून) जवळजवळ रोज, पन्हाळ्यावरून दोनदा आणि गगनबावड्याहून एकदा चालवून पाहिला. कंपनीचे व विक्रेत्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या हाती आलेल्या एकाच नगावरून कंपनीला नावे ठेवणे बरोबर नाही. शिवाय याच जातीचे, याच किमतीच्या आसपासचे आणखी तीन-चार संच बाजारात आहेत आणि पुढे लिहिलेले बहुतेक सर्व त्यांनाही लागू पडेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे: असा संच चालवण्यासाठी केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि परवान्यासोबत मिळणारे कॉल साइन, म्हणजे आपल्या केंद्राचे ओळखनाव, प्रत्येक संभाषणात सांगावे लागते. विक्रेत्याने मला परवाना विचारला नाही. त्याने तो विचारायला हवा होता.

मुळात माझ्याकडे व्हीएचएफचा, म्हणजे जास्त वारंवारतेच्या लहरींचा, हातातला संच सहा वर्षांपासून आहे. त्याची मर्यादा सरळ भूमितीची आहे. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि जमीन गोल आहे. अँटेनाची मीटरमधील उंची घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. डोळ्यांच्या क्षितिजासाठी हाच आकडा ३.५७ आहे, वर जाताना हवा विरळ होत जाते, त्यामुळे लहर किंचित खाली वाकते आणि रेडिओला थोडे जास्त दूरचे दिसते, एवढाच काय तो फरक. रस्त्यावर उभे राहून दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाला पाच किलोमीटर मिळतात. माझ्या गच्चीवरील अँटेनाला, जी जमिनीपासून नऊ मीटरांवर आहे, बारा. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच असल्यामुळे तेथून हिशेब सत्तर किलोमीटरांवर जातो. जोतिबाच्या डोंगरावर गेले की सांगली हाताशी येते, आणि खाली उतरून पंचगंगा ओलांडली की पन्नास किलोमीटरांच्या आत असलेली तीच सांगली गप्प होते, याचे कारण हे वर्गमूळ आहे. पश्चिमेकडे तर वर्गमुळाचाही उपयोग नाही, कारण तिकडे सह्याद्री उभा आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा नदीकाठच्या गावात असलेल्या माझ्या बहिणीशी दीड दिवस बोलणे झाले नव्हते. हातातला संच टेबलावर चार्ज होऊन बसलेला होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. लघुलहरींचा संच घ्यायचा हे त्याच आठवड्यात ठरले. परवान्याची वरची पायरी आणि पैसे जमायला पुढची वर्षे गेली.

आता संचाकडे वळतो. आकाराने तो शाळेच्या कंपासपेटीच्या तिप्पट जाडीचा, वजनाला दीड-पावणेदोन किलो. साडेतीन ते तीस मेगाहर्ट्झ या टप्प्यातील सर्व हौशी बँडवर, म्हणजे हौशी केंद्रांसाठी राखलेल्या वारंवारतांच्या पट्ट्यांवर, तो बोलतो आणि त्याखालचे, मधले सर्व काही ऐकतो. १३.८ व्होल्टवर चालतो; ऐकताना अर्धा अँपिअर आणि पूर्ण शक्तीने बोलताना पाच ते सहा अँपिअर घेतो. मी त्याला वीस अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जोडली आहे, तिच्यावर अधूनमधून बोलत आणि बराच वेळ ऐकत पूर्ण दिवस आरामात निघतो. पुढच्या बाजूला लहान रंगीत पडदा आहे, त्यावर आजूबाजूच्या पन्नास किलोहर्ट्झमध्ये कोण बोलते आहे ते धबधब्यासारखे वरून खाली सरकत दिसते. आरंभी मला हा दिखाऊपणा वाटला होता. दोन दिवसांत मत बदलले. जुन्या संचावर खुंटी फिरवत शोधावे लागणारे केंद्र येथे डोळ्यांना आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते, आणि ज्याला दिवसातून अर्धा तासच मिळतो त्याच्यासाठी हे मोठे सुख आहे.

वीस वॉट ही शक्ती कमी आहे का, असा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला. शंभर वॉटच्या मोठ्या संचाशी तुलना केली तर फरक सात डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एका घरापेक्षा थोडा जास्त. जो सिग्नल सात घरांवर येत होता तो पावणेसहांवर येईल. ऐकणाऱ्याकडे शांतता असेल तर हे जाणवतही नाही; त्याच्याकडे गोंगाट असेल तर मात्र आपण बुडतो. याच फरकासाठी मोठ्या संचाला तिप्पट किंमत आणि गाडीच्या बॅटरीएवढा वीजपुरवठा लागतो. माझ्या मते पैसे तिकडे घालण्यापेक्षा तारेत घालावेत.

तारेची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण परीक्षण संचाचे असले तरी क्षितिजापलीकडे जे काही गेले ते तारेमुळे गेले. संचासोबत दीड मीटरची एक घडीची दांडी मिळते. ती टेबलावर शोभून दिसते. मी पहिल्या संध्याकाळी तिच्यावर पाऊण तास हाका मारल्या आणि एकही उत्तर आले नाही, तेव्हा ती कपाटात गेली ती अजून तेथेच आहे. त्याऐवजी घराच्या वायरिंगला वापरतात तीच अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणून मी डायपोल, म्हणजे मधोमध तोडून दोन्हीकडे ताणलेल्या तारेची अँटेना, बांधला. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१, म्हणजे सुमारे वीस मीटर, दोन्हीकडे दहा-दहा. त्याच मध्यबिंदूवरून १४ मेगाहर्ट्झसाठी पाच-पाच मीटरांची दुसरी जोडी. २१ मेगाहर्ट्झसाठी वेगळे काही करावे लागत नाही, कारण सातची तार तिपटीवरही आपोआप चालते. तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असल्यामुळे हिशेबाची लांबी थोडी जास्तच भरते. म्हणून आधी लांब ठेवून मग बोटभर-बोटभर कापत आणायची असते. मी पहिल्यांदा हिशेबाबरहुकूम लांबी ठेवूनच दोन्ही टोके गाठ मारून बंद केली, आणि नंतर सगळे पुन्हा सोडले.

मधला तुकडा शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्या मिस्त्रींनी नायलॉनच्या गोल सळईतून कातून दिला. त्यांना कागदावर चित्र काढून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, ‘‘ताण किती येणार ओ याच्यावर?’’ मी अंदाजाने दहा किलो म्हणालो. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, ‘‘वळीव आला की चाळीस येईल. जाड करतो.’’ त्यांनी तारेसाठी भोके पाडली, भोकांच्या कडा हाताने घासून गोल केल्या, म्हणजे तार तेथे कापली जाऊ नये, आणि दोनशे रुपये घेतले. एप्रिलमधील वळवाने शेजाऱ्यांचे पत्रे उडवले, पण हा तुकडा जसाच्या तसा आहे. ४८,००० रुपयांच्या संपूर्ण व्यवहारात इतका विचार करून दिलेली दुसरी वस्तू मला मिळाली नाही.

गच्चीवर ही तार गेली तेव्हा आईचा पहिला प्रश्न सांडगे कुठे वाळत घालायचे हा होता. तार डोक्यापेक्षा उंच आहे हे दाखवल्यावर तो मिटला. शेजारच्या काकांनी मोबाईल असताना हे कशाला, असे विचारले; त्यांना बोलावून कानाला हेडफोन लावून दिला, योगायोगाने त्या वेळी जपानमधले कोणीतरी बोलत होते, आणि काकांनी ‘‘वर कुठून येतंय हे?’’ म्हणून खरोखरच आकाशाकडे पाहिले.

त्यांचे पाहणे बरोबर होते. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या पोल्ढूहून निघालेला संकेत न्यूफाउंडलंडला सेंट जॉन्स येथे, साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास अंतरावर, ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा गोल पृथ्वीला वळसा घालून लहर तेथे पोहोचली कशी हे कोणालाच सांगता येईना. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे तर्क मांडला की वर विद्युतभारित हवेचा थर असावा, आणि १९२४ मध्ये अॅपल्टनने तो थर मोजून सिद्ध केला. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी तेथील वायूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. साठ ते नव्वद किलोमीटरांवरचा डी थर फक्त दिवसा असतो आणि कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. दीडशे किलोमीटरांच्या वरचा एफ थर लहर वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. एका उडीत जास्तीत जास्त चार हजार किलोमीटर. पुढे जायचे तर समुद्रावर किंवा जमिनीवर आपटून पुन्हा वर. रेडिओ सिलोनचा बुधवार संध्याकाळचा कार्यक्रम ज्यांच्या घरात ऐकला गेला त्यांनी या उडीचाच लाभ घेतला, आणि आवाज मधूनच लाटेसारखा वर-खाली होत असे तेही याच थराच्या हालचालींमुळे.

संचाची खरी परीक्षा मी सात मेगाहर्ट्झवर घेतली, कारण मला हवा होता तो जवळचा पल्ला. जमिनीपासून नऊ मीटर म्हणजे या बँडच्या बेचाळीस मीटर लांबीच्या लहरीचा जेमतेम पाचवा भाग. पुस्तके म्हणतात की एवढ्या खाली असलेला डायपोल आपली बहुतेक शक्ती थेट वर फेकतो. दूरच्या संभाषणासाठी हा दोष आहे. कोल्हापूरसारख्या डोंगरांच्या कुशीतल्या गावासाठी तो वरदान आहे. कारंज्याचे पाणी जसे वर जाऊन चहूकडे पडते, तशी ही लहर एफ थरावरून जवळच चारशे किलोमीटरांच्या परिसरात पडते आणि मधला डोंगर तिला दिसतच नाही. सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान पुणे, सातारा, सोलापूर, बेळगाव, रत्नागिरी ही सर्व ठिकाणे मी वीस वॉटवर स्वच्छ ऐकली आणि त्यांनी मला ऐकले. गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी, जेथे माझ्या फोनवर एकही दांडी नव्हती, दोन झाडांमध्ये तार टाकून मी कोल्हापुरातील मित्राशी पंचवीस मिनिटे बोललो. सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटर. प्रत्यक्षात आवाज सहाशे किलोमीटरांचा प्रवास करून आला होता.

दुपारी हे चित्र फिके पडते. डी थर जोरात असतो, दूरचे सिग्नल तो गिळतो आणि जवळचेही दोन घरांनी खाली येतात. सूर्यास्तानंतर डी थर विरतो, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता जोरात येऊ लागतात, आणि उत्तररात्री, एफ थरातील इलेक्ट्रॉन घटल्यावर, थेट वर गेलेली लहर परत न येता निघून जाते. मग सातारा नाहीसे होते आणि थायलंड ऐकू येते. विक्रेत्याच्या ‘रेंज’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे ती येथे. एकाच संचावर, एकाच तारेवर, एकाच दिवसात माझी रेंज चाळीस किलोमीटर होती, चारशे होती, आणि चाळीस होती तेव्हाच चार हजारही होती.

हे शेवटचे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. जानेवारीत एका संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास १४ मेगाहर्ट्झवर मी इटलीतील एका केंद्राशी बोलत होतो. त्याने माझा सिग्नल पाच आणि सात दिला, म्हणजे शब्दन् शब्द कळतो आहे. त्याच वेळी सांगलीतील माझे एक स्नेही आपल्या संचावर हीच वारंवारता लावून बसले होते आणि फोनवरून मला सांगत होते की त्यांना इटलीवाला छान ऐकू येतो, पण माझ्या बाजूला नुसती खरखर आहे. जमिनीलगतची लहर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी संपली होती आणि आकाशातून आलेली त्यांच्या डोक्यावरून पुढे गेली होती. या मधल्या मुक्या पट्ट्याला स्किप म्हणतात. चौदा मेगाहर्ट्झवर पुण्याशी बोलता येत नाही म्हणून संच खराब आहे असे समजून तो परत पाठवणारे लोक असतात, असे विक्रेत्यानेच मला सांगितले. त्यांना हा पट्टा कोणी समजावला असता तर बरे झाले असते.

एकवीस आणि अठ्ठावीस मेगाहर्ट्झ हे बँड सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राने जगतात. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये त्याचा भर आला, त्यामुळे मला हा संच चांगल्या काळात मिळाला. सकाळी ऑस्ट्रेलिया व जपान, दुपारनंतर युरोप, हे वीस वॉटवर सहज होत होते. पाच-सहा वर्षांनी हे परीक्षण वाचणाऱ्याने या परिच्छेदावर भरवसा ठेवू नये. सूर्य जसा देतो तसा नेतोही: मार्चमध्ये एका दुपारी सगळे बँड एका मिनिटात असे मेले की तार तुटली समजून मी उन्हात गच्चीवर धावलो. तार जागेवर होती. सूर्यावर मोठा उद्रेक झाला होता, उन्हाच्या बाजूच्या अर्ध्या पृथ्वीवर डी थर दाट झाला होता, आणि तासाभराने सगळे पूर्ववत झाले. तळपाय मात्र दोन दिवस पोळले होते.

कोल्हापूरच्या आकाशाची आणखी एक खोड आहे, जी दिल्लीच्या परीक्षणांत सापडणार नाही. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. ते केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि थुंबा हे ठिकाण १९६३ च्या पहिल्या अग्निबाणासाठी निवडले गेले तेही त्यामुळेच. सूर्यास्तानंतर या पट्ट्यात एफ थराच्या तळातून विरळ आयनांचे प्रचंड बुडबुडे वर चढतात, त्यांतून गेलेला आवाज चालत्या पंख्यासमोर बोलल्यासारखा थरथरतो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे. तेथील रात्रीच्या आकाशाचे कॅमेरे हेच बुडबुडे टिपतात, आणि १.९८ मेगाहर्ट्झवर चालणारे रडार ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजते. आपल्या डोक्यावरचे आकाश ज्यांनी वर्षानुवर्षे मोजले ते लोक सागरमाळापासून हाकेच्या अंतरावर बसतात, हे मला संच घेईपर्यंत ठाऊक नव्हते. संचाच्या बाबतीत निरीक्षण असे की मार्च-एप्रिलच्या रात्री साडेसात ते दहा या वेळात आवाजाच्या संभाषणाचा हट्ट धरू नये. संचातील गाळणी अशा थरथरीवर काही करू शकत नाही.

अशा वेळी संगणकाची मदत होते. एफटी-८ ही संगणकाकरवी छोटे लेखी संदेश पाठवण्याची पद्धत २०१७ मध्ये आली. तिचे एक जनक जोसेफ टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ आहेत. पंधरा सेकंदांच्या खिडकीत मोजकीच अक्षरे जातात आणि कानाला फक्त खरखर ऐकू येत असतानाही पडद्यावर संदेश उमटतो. मी पाच वॉटवर ब्राझीलपर्यंत पोहोचलो. गप्पा मारण्याची ही जागा नव्हे, पण तार नीट बसली आहे का हे तपासायला हिच्यासारखे साधन नाही. संच संगणकाला जोडणारी केबल वेगळी घ्यावी लागते, आणि या पद्धतीत सलग बोलावे लागत असल्यामुळे शक्ती दहा वॉटवर आणावी. पूर्ण वीसवर ठेवली तर पाठीमागचा पत्रा चटका बसेल इतका तापतो आणि लहान पंखा असा ओरडतो की मायक्रोफोन तो पकडतो.

दोषांपैकी पंखा पहिला. दुसरा दोष मायक्रोफोनच्या जोडणीचा: चौथ्या महिन्यात तिची पकड सैल झाली आणि बोलताना मध्येच आवाज जाऊ लागला. विक्रेत्याने संच परत मागवला, सहा आठवडे ठेवला, आणि ‘तपासला, ठीक आहे’ अशा शेऱ्यासह पाठवून दिला. शेवटी राजारामपुरीतील एका मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाने भिंगाखाली दोन टाके पुन्हा घातले, तेव्हापासून तक्रार नाही. तिसरा दोष मेनूच्या अक्षरांचा, जी चाळिशीनंतरच्या डोळ्यांना दिसत नाहीत. आतला अँटेना ट्यूनर मात्र उत्तम आहे. टकटक करत तीन-चार सेकंदांत जुळवून घेतो आणि माझ्या तारेवर १८ मेगाहर्ट्झसुद्धा चालवून दाखवतो, ज्यासाठी ती तार बांधलेलीच नाही. तरी जुळवणे म्हणजे प्रक्षेपण चांगले होणे नव्हे. त्या दीड मीटरच्या दांडीशीही त्याने हसतमुखाने जुळवून घेतले होते.

शहरात हा संच चालवणाऱ्याची खरी लढाई गोंगाटाशी असते. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईलचे स्वस्त चार्जर, या सगळ्यांची मिळून माझ्याकडे सात मेगाहर्ट्झवर रात्री सात घरांची भिंत असते. फेब्रुवारीत एका रात्री पेठेतली वीज गेली. संच बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. मीटरचा काटा सातवरून दोनवर उतरला आणि मघापर्यंत जेथे नुसती सळसळ होती तेथे एकामागून एक आवाज उगवू लागले: कन्नडमध्ये बोलणारे दोघे, मग बंगाली, त्यामागे खूप खोल कुठेतरी मोर्सची टिकटिक. खोलीत अंधार, पडद्यावरच्या निळ्या रेघा, आणि खाली रस्त्यावर पोरांचा ‘लाइट गेली’चा ओरडा. चाळीस मिनिटांनी वीज आली आणि भिंत परत उभी राहिली. संचातील गोंगाट कमी करणारी सोय चार्जरच्या टरटरीवर थोडीफार चालते. वळवाच्या विजांच्या कडकडाटावर चालत नाही. वळीव घोंघावू लागला की केबल काढून खिडकीबाहेर टाकणे हाच उपाय आहे.

या संचाकडून कोणत्या अपेक्षा करू नयेत, तेही थोडक्यात. क्षितिज ओलांडण्याचे इतर मार्ग बहुतांशी तीस मेगाहर्ट्झच्या वर आहेत. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर थंड-दमट हवेवर उष्ण-कोरडी हवा पसरून व्हीएचएफ लहरींसाठी जणू पन्हळ तयार होते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झ रडारला याच पन्हळीतून अरबस्तानचा किनारा दिसत असे. हवेच्या थरांवरून विखुरणाऱ्या लहरींसाठी मोठ्या तबकड्या आणि किलोवॉट लागतात. उल्कांच्या शेपटांवरून क्षणभर बोलता येते, चंद्रावरून अडीच सेकंदांनी परतणारा आवाज ऐकता येतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हौशी रेडिओचा उपग्रह हॅमसॅट २०१४ पर्यंत आपली सेवा करून थांबला. आता कतारच्या भूस्थिर उपग्रहावरील हौशी ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला आवाज परत जमिनीकडे पाठवणारे यंत्र, कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे बत्तीस अंशांवर दिवसरात्र उपलब्ध आहे. त्या मार्गाने जायचे असेल तर ४८,००० रुपये तबकडीत घालावेत. या संचाचा तो प्रांत नाही.

आपत्तीच्या कामासाठी घ्यावा का? २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा हौशी रेडिओचा चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता आणि लघुलहरींवरून त्यांनी मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या हाताशी सराव, तार आणि वीज हे तिन्ही होते. नुसता संच कपाटात ठेवून पुराची वाट पाहणाऱ्याला तो आयत्या वेळी काही ऐकवणार नाही. ज्याला सकाळी आठला कोणता बँड आणि रात्री अकराला कोणता हे पाठ आहे, ज्याची तार दहा मिनिटांत टांगता येते आणि ज्याच्या दुसऱ्या टोकाला ठरलेल्या वेळी ऐकणारा कोणी आहे, त्याच्यासाठी हा संच पुरेसा आहे. मी बहिणीच्या गावातील एका तरुणाला परीक्षेला बसवले आहे; त्याचा निकाल लागला की दुसरा संच याच जातीचा घेईन, मात्र दुसऱ्या विक्रेत्याकडून.

खर्च एकूण असा झाला: संच ४८,०००, बॅटरी ९,५००, तार, केबल आणि दोऱ्या मिळून ३,२००, नायलॉनचा तुकडा २००, टाके घालण्याचे १५०. पावसाळ्यापुरती एक बाजू सोडवून तार आखडून ठेवली आहे, कारण शेजारच्या नारळाची झावळी तिच्यावर टेकू लागली आहे. झावळी तोडायची परवानगी काकांनी दिली आहे. जपान पुन्हा ऐकवायचे या अटीवर.